जोडाखालची लाल रेघ

३ डिसेंबर २००६, रविवार

सकाळी सातलाच राव मामांच्या शेडमध्ये. पहिल्या फ्रेमचे सगळे जोड आज भरून झाले. पोलादी नळ्या, टाकणखार लावायचा, ज्योत बारीक करायची, नळी लालसर झाली की पितळेची सळई टेकवायची. पितळ आपोआप कडेकडेनं पळतं. मामांनी छत्तीस वर्षं पेरंबूरच्या रेल्वे वर्कशॉपात हेच केलं. आता सत्तरी उलटली, वेस्ट मांबलमला आमच्याच गल्लीच्या टोकाला एकटे राहतात. तंजावरकडचे मराठी. माझं मराठी त्यांना कोर्टातलं वाटतं, त्यांचं मला पोथीतलं.

ही फ्रेम सेंथिलची. पुढची माझी. डोंगरात चालवायची सायकल, गिअर एकच, पुढं सस्पेन्शन, मागं काही नाही. कल्पना सेंथिलची. कंपनीच्या बसमध्ये श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यापर्यंत शेजारी बसतो, त्यात ठरलं. तो मेंटेनन्सला, मी क्वालिटीला. दिवसभर दुसऱ्यांच्या वेल्डमध्ये चिरा शोधणं हे माझं काम.

एक लिहून ठेवतो. हँडलखालची आखूड नळी आणि तिथून तिरपी खाली जाणारी जाड नळी, त्या जोडापाशी मामा दोनदा थांबले. गॅसची टॉर्च बाजूला धरली, चष्मा पुसला. "धूर फार होतो आज," म्हणाले.

धूर नव्हता.

१० डिसेंबर, रवि.

माझी फ्रेम. मामांचा हात स्थिर आहे, डोळ्यांचंच काहीतरी. नळी किती तापली ते बघायला इतके जवळ जातात की कपाळाला आच लागावी. तोच हँडलखालचा जोड, नळी लाल होऊन पिवळी पडली तरी टॉर्च तिथंच. एवढी तापली की पितळ धरत नाही, नुसतं वर बसतं. दिसायला सुरेख दिसतं.

मला कळलं. बोललो नाही.

प्लांटमधून तपासणीचे डबे आणले होते. लाल फवारा मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा फवारा. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मामांनी पिशवीत डोकावलं.

"हें काय आणलांव?"

"असंच, मामा. जोड बघायला."

"मज तपासताव?" हसतच म्हणाले. पण मग पिशवीकडे पाठ केली. पकडी पुसत बसले, पुसलेल्या परत पुसल्या.

डबे पिशवीतून काढलेच नाहीत. पुढच्या रविवारी ते चहा करायला आत गेले की उरकून घेईन.

१७ डिसेंबर, रवि.

गेलो तर दोन्ही फ्रेमना रंग देऊन झालेला. काल मामांनी एकट्यानं बसून मारला, आम्हाला चकित करायला. सेंथिलची हिरवी, माझी काळी. सेंथिलनं त्यांना वाकून नमस्कार केला. मामांचे डोळे भरले होते. अशा वेळी रंग खरवडा कसं म्हणणार.

म्हणायला हवं होतं.

२४ डिसेंबर, रवि.

गॅलरीत जुळणी. पुढचं चाक धरणारा फोर्क माझ्या भावानं सिंगापूरहून आणलेला, चाकं पॅरीज कॉर्नरच्या दुकानात बांधून घेतली. मागचं चाक खाचेत मागं ओढून साखळीला ताण द्यायचा, तो तीनदा चुकला. माझी बायको वैशाली बँकेचे कागद बाजूला ठेवून बघायला आली.

"एवढी दणकट सायकल आणि गिअर एकच?"

"त्यातच मजा आहे. बिघडायला काही नाही."

म्हणताना नजर जोडाकडे गेली. तिनं पाहिलं की काय.

३१ डिसेंबर, रवि.

पल्लावरमच्या मागं, बंद पडलेल्या खाणींच्या टेकड्यांवर. पहिल्यांदा. चढावर एकच गिअर म्हणजे उभं राहून रेटायचं, छाती फुटायची वेळ येते, पण सायकल ऐकते. पोलाद हलकं लवतं, दगड हाताला कमी लागतात. वर पोचलो तेव्हा खरंच आनंद झाला.

उतारावर सेंथिल सुटला. हिरवी सायकल दगडांवरून उड्या घेत खाली, त्याची आरोळी खाणीत घुमली. मी अर्धा उतार ढकलत उतरलो. तो खाली हसत उभा. "मिलिंद, सायकल बनवलीस की हातगाडी?"

मी उताराला भितो की जोडाला? दोन वर्षांपूर्वी गिंडीच्या पुलावर पडलो, गळ्याचं हाड मोडलं, तेव्हापासून उतार आला की सायकलवरून खाली उतरतो. मग उताराचं भय मी मामांच्या कामावर ढकलतोय असंही असेल. स्वतःला हेच सांगून गप्प बसतोय महिनाभर.

७ जानेवारी २००७, रवि.

परत खाणीवर. उभं राहून रेटलं की पुढून टक्. बसून चालवली तर आवाज नाही. परत रेटलं की टक्. हँडलचे बोल्ट घट्ट केले, ग्रीस भरलं. सेंथिल म्हणाला नवी सायकल बोलतेच. त्याची बोलते का विचारलं. "मी उतरताना ओरडतो, ऐकू कसं येणार?"

१२ जानेवारी, शुक्र.

सेंथिल पोंगलला सासुरवाडीला निघाला, जवादू डोंगरात. बायको, मुलगी आणि बसच्या टपावर हिरवी सायकल. मंगळवारी घाटातून खाली येणार, वीस किलोमीटर नुसता उतार. आज घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये तेवढंच बोलत होता. मी म्हटलं, जपून. अजून काही म्हणणार होतो, तेवढ्यात त्याचा स्टॉप आला.

१४ जानेवारी, रवि.

सकाळी सायकल उलटी करून धुतली. जोडाच्या खालच्या बाजूला काळ्या रंगात केसाएवढी रेघ. रंगच तडकला असेल म्हणून नखानं खरवडलं. मग सँडपेपर. मग कपाटामागून डबे काढले.

पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. पुसलं, पांढरं मारलं. आधी काही नाही. मग एक ठिपका, शेजारी दुसरा, आणि बघता बघता दोन बोटं लांब लाल रेघ, जोडाच्या कडेला धरून. प्लांटमध्ये अशा रेघा रोज बघतो. पार्ट लाल खोक्यात टाकतो आणि जेवायला जातो. आज डबा हातातच राहिला.

खाणीच्या उतारावर मी ढकलत उतरलो म्हणून वाचलो.

सेंथिलला फोन. स्विच्ड ऑफ. दहा वेळा केला. डोंगरात रेंज नसते हे त्यानंच सांगितलं होतं.

१५ जानेवारी, सोम.

पोंगल. गल्लीभर नव्या तांदळाचा वास, दारोदार ऊस. फोन लागत नाही. त्याच्या घराला कुलूप, सासऱ्यांचं नाव मला माहीत नाही, नुसतं गावाचं.

वैशालीला सांगितलं. ती जोडापाशी बसून रेघ बघत राहिली.

"रंग द्यायच्या आधी हे दिसलं असतं?"

"कदाचित."

"मग केलं का नाहीस?"

"मामांना वाईट वाटलं असतं."

ती उठली. माझी सॅक काढून त्यात तपासणीचे डबे आणि पाण्याची बाटली ठेवली. "पहिली बस किती वाजता आहे?"

सेंथिलचा जोड माझ्याआधीचा आहे. तेव्हा मामा दोनदाच थांबले होते. दोनदाच, असं घोकतोय.

१६ जानेवारी, मंगळ.

जमेल तसं लिहितो.

पहाटेच्या बसनं पोळूर, तिथून डोंगराची बस. घाट लागला. खिडकीपाशी उभा राहून वरच्या प्रत्येक वळणाकडे बघत होतो. अर्ध्या घाटात वरून हिरवी सायकल आली. इतक्या वेगात की मी "सेंथिल" म्हणेपर्यंत शेजारून गेलीसुद्धा. ओरडलो. त्यानं हात वर केला, मागं न बघता. कुणीतरी हौसेनं ओरडतंय असं वाटलं असणार.

कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. पुढच्या वळणाशिवाय थांबत नाही म्हणाला. उतरलो आणि पळत सुटलो. पळून सायकल गाठता येत नाही हे कळत होतं, पण चालवेना. प्रत्येक वळणावर कठड्याशी जाऊन खाली बघायचं. झाडी. एका ठिकाणी काहीतरी हिरवं दिसलं. प्लास्टिकचा कागद होता. एका वळणावर रस्त्यावर खडी विस्कटलेली, ताजी, घसरल्यासारखी. तिथं कठडा नव्हता. मी गुडघ्यांवर बसून खाली बघितलं, हाक मारली. उत्तर नाही. तिथं किती वेळ गेला सांगता येणार नाही.

त्याच्या खाली दोन वळणांवर सेंथिल रस्त्याखालच्या मोरीच्या कट्ट्यावर बसून पेरू खात होता.

मला बघून हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. मी काही न बोलता सायकल उलटी केली आणि चाकूनं रंग खरवडायला लागलो. "काय करतोस, अरे, नवा रंग," तमिळमध्ये ओरडला. लाल मारला. मग बोललो. पंधरा मिनिटांत सगळं सांगितलं: चष्मा, पिवळी नळी, पिशवीतले डबे. पुसलं, पांढरं मारलं. दोघं वाकून बघत होतो.

रेघ आली. नखाएवढी. पण आली.

सेंथिलनं रेघेवर नख ठेवून बघितलं. मग म्हणाला, "काल मुलीला पुढं दांडीवर बसवून गावभर फिरवलं."

नंतर म्हणाला, "दिवसभर तपासणारा तूच ना."

सायकल हातानं ढकलत खाली उतरलो, आठ किलोमीटर. तो पुढं, मी मागं.

१८ जानेवारी, गुरु.

कंपनीची बस. सेंथिल मागच्या सीटवर बसला. माझ्या शेजारची जागा श्रीपेरुंबुदूरपर्यंत रिकामी.

२१ जानेवारी, रवि.

मामांकडे गेलो. रात्री झोप नव्हती. काय म्हणायचं ते बसमध्ये दोन-तीन दिवस घोकलं होतं, दारात पोचल्यावर एक वाक्य आठवेना. सायकल नुसती पुढं ठेवली, पांढऱ्यावरची लाल रेघ वर करून.

मामा खाली बसले. चष्मा काढला, घातला. रेघेच्या पार दुसऱ्या टोकाला बोट फिरवत राहिले.

"कोठें?"

मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.

"दिसत नाहीं मज," म्हणाले. मग, "सेंथिलचा?"

"त्याचाही. लहान आहे. त्याला काही झालं नाही."

आत गेले. भांड्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही. मला भीती वाटायला लागली, उठून बघावं का. तेवढ्यात बाहेर आले, अंगात सदरा घातलेला.

"मे मासापासून डोळ्यांत असें आहे. कोणा सांगितलें नाहीं. सांगितलें तर मुलगी बंगळुरूस नेईल, शेड बंद." जरा थांबून, "तुम्हीं तेव्हांच कां नाहीं बोललांव? मी रागावलों असतों. मग? रागावून मरतों काय?"

मी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

मग ते बोटांवर मोजायला लागले. मे महिन्यापासून टॉर्च हातात घेतली त्या सगळ्याला. आमच्या दोन फ्रेम. मठाचं फाटक. शेजारच्या पंपाचा पाइप. रंगाऱ्याची लोखंडी शिडी. निवृत्त मास्तरांची चाकाची खुर्ची. आणि एका फूलवाल्या बाईची सायकल, पुढचा फोर्क तुटलेला, तो जोडून दिला.

"सात. तुमचे डबे आहेत?"

२८ जानेवारी, रवि.

मामा आणि मी, पिशवी घेऊन. फाटक ठीक. पाइप ठीक. मास्तरांच्या खुर्चीला पांढरं मारलं आणि मास्तर पलंगावरून बघत होते, मामा भिंतीकडे तोंड करून उभे. स्वच्छ. मामांनी मास्तरांचा हात हातात घेतला, का ते सांगितलं नाही.

शिडी. रंगारी तिसऱ्या मजल्यावर होता, तिच्यावरच. खाली उतर म्हणून मी हाक मारली. वरून पाचव्या पायरीला रेघ. दोन्ही बाजूंना. रंगारी म्हणाला, "आवाज येत होता, म्हटलं जुनी आहे." मामांनी त्याच्यासमोर ती पायरी करवतीनं कापली.

राहिली फूलवाली. नाव माहीत नाही. तिरुवल्लिकेणीहून यायची, मांबलम स्टेशनबाहेर बसायची. काळी जुनी पुरुषी सायकल, हँडलवर निळी प्लास्टिकची टोपली. स्टेशनबाहेरच्या बायकांना विचारलं. पोंगलपासून आलेली नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

११ फेब्रुवारी, रवि.

मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगी आली आहे. डोळ्यावर हिरवी पट्टी. मला बघून पहिलं वाक्य: "बाई?"

नाही मिळाली.

सेंथिल दवाखान्यात आला होता, मी पोचायच्या आधी. मामांच्या उशाशी पेरू ठेवून गेला.

२५ फेब्रुवारी, रवि.

मामांनी टॉर्च पेटवली नाही. माझ्या हातात दिली. "आतां दिसतें. काय केलें तेंही दिसतें." जुनं पितळ वितळवून काढलं, घासलं, टाकणखार. ते मागं बसून सांगत होते. "आतां नको. आतां नको. हां. सळई. काढा टॉर्च, काढा."  जोड ओबडधोबड दिसतो. लाल, पंधरा मिनिटं, पांढरा. काही नाही. अर्ध्या तासानं परत बघितलं. काही नाही. घरी जाऊन परत मारला.

सेंथिलनं त्याची फ्रेम दुरुस्तीला पाठवली नाही. शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये एका सीटच्या अंतरावर बसला.

१८ मार्च, रवि.

तिसरा रविवार तिरुवल्लिकेणीत. सायकलवरच जातो, रंग न दिलेल्या जोडाची. रंग द्यायचा नाही असं ठरवलंय, दिसू दे. देवळाभोवतीच्या गल्ल्या, एकट्या पुरुषांच्या लॉजांच्या, म्हणजे मेन्शनांच्या, मागच्या गल्ल्या, फुलांची दुकानं. निळ्या टोपलीची काळी सायकल, असं विचारतो. एक म्हातारा म्हणाला, तशा तीन आहेत. एक बाई म्हणाली, एक फूलवाली पोंगलच्या सुमाराला बीच रोडवर पडली होती, बसखाली जाता जाता वाचली. की वाचली नाही? तिला नक्की माहीत नाही. ऐकीव.

मामांना हे सांगितलं नाही. परत तेच करतोय, हे घरी आल्यावर लक्षात आलं. गेलो आणि सांगितलं. रागावले. खूप रागावले. मग कॉफी केली.

२५ मार्च, रवि.

सकाळी साडेसहा. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतून बीच रोडला लागलो आणि पुढं शंभर पावलांवर काळी सायकल, हँडलवर निळी टोपली, टोपलीवर ओला फडका. बाई पाठमोरी. केसांत काही माळलेलं नव्हतं. पुढचं चाक डुगडुगत होतं. की मला वाटलं.

"अम्मा" म्हणून हाक मारली. समुद्राचा वारा, बसचा आवाज. पेडल मारायला लागलो. सपाट रस्त्यावर एक गिअर म्हणजे एका हद्दीपुढं पाय नुसते गरगर फिरतात, सायकल काही जास्त पळत नाही. पाय गरगर फिरवत राहिलो. अंतर थोडं कमी झालं. साठ पावलं असेल. सिग्नलला ती निघून गेली, माझ्यासमोर दोन बस आडव्या आल्या. त्या गेल्यावर रस्ता मोकळा. डावीकडच्या तिन्ही गल्ल्या बघितल्या. दहापर्यंत बघितल्या.

तीच असेल तर जिवंत आहे. तीच असेल तर त्याच फोर्कवर आहे.

परत आलो तेव्हा मामा आपल्या दाराशी उभे. मला लांबूनच ओळखलं त्यांनी. सांगितलं. बीच रोडवर कुठं, ते दोनदा विचारून घेतलं. उद्या मी रजा टाकली आहे. मामाही येतो म्हणाले. म्हटलं, माझ्या सायकलला कॅरिअर नाही. पहाटे पाचला रिक्षा सांगून ठेवली आहे म्हणाले.